आठ काचांवरचा हात

संचालकसाहेब, तुम्ही काचा पुसल्यात आणि दोष यास्ना कोलीपीच्या माथी मारलात.

पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तुमच्या टेबलावर आलेला कागद पहिल्या ओळीच्या पुढे वाचला जात नाही, हे संस्थेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं बाकीच्यांसाठी आहे. याच्या प्रती जेवणघरात, वाचनालयात आणि लिफ्टमध्ये लावणार आहे. लिफ्टमध्ये तुम्हालाही वाचावं लागेल. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आणि तिच्या दुरुस्तीचा अर्ज तुमच्याच टेबलावर पडून आहे.

मी निबाल्दो उएन्चून. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचा तयार करतो. मला इथे 'माएस्त्रो' म्हणतात. सान्तियागोत हा मान प्राध्यापकाचा नाही. नळ बसवणाऱ्याचा, भिंती रंगवणाऱ्याचा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भौतिकशास्त्र मी तुमच्यासारख्यांनी रद्दीत टाकलेल्या पुस्तकांतून शिकलो. त्यातली दोन तुमचीच होती, आत तुमची सही होती. साठाव्या पानापुढची जोडलेली पानं कापून सुटी केलेलीसुद्धा नव्हती.

आता जे तळमजल्यावर कधी उतरले नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्या जवळजवळ सगळ्या समितीसाठी, थोडं सांगतो. द्रव-स्फटिक पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू काड्यांसारखे लांब असतात आणि शेजाऱ्याकडे बघून उभे राहतात. टीव्हीच्या पडद्यात असतो तोच. आम्ही तो दोन काचांमधल्या, केसाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या फटीत भरतो. काचांना आतून लेप असतो, त्यामुळे काड्या सरळ उभ्या राहतात. मग वीज लावायची. आमच्या जातीच्या काड्या वीज लागली की आडव्या व्हायला बघतात. पण कुणीकडे? ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. एक इकडे कलते, शेजारी तिच्याबरोबर. पलीकडचा घोळका दुसरीकडे. जिथे त्यांचं जुळत नाही तिथे भोवरा होतो. मधली काडी उभीच राहते आणि बाकीच्या तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या पडतात. सूक्ष्मदर्शकात त्याचे चार काळे हात दिसतात. असे शेकडो उगवतात, उलटसुलट जातीचे एकमेकांना गाठतात आणि दोघेही नाहीसे होतात. पाच मिनिटांत मैदान मोकळं.

आमची विद्यार्थिनी यास्ना, तिचं काम हा भोवरा टिकवायचं. मागच्या काचेवर एक थर असतो. त्याच्यावर जिथे उजेड पडेल तिथे वीज जास्त जोरानं पोचते. लेसरचा बारीक ठिपका टाकला की त्याच्या मधोमध एक भोवरा येऊन बसतो आणि उठत नाही. ठिपका सरकवला तर मागोमाग जातो. आणि जो उजेड त्याला तिथे बसवतो, तोच त्याच्यातून बाहेर पडताना पिळला जातो. समोरच्या भिंतीवर कडं उमटतं, मधे काळोख. यास्नानं मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला म्हटलं, परत कर. तिनं सात वेळा केलं. सातही वेळा तो आला.

याला एकच अट आहे. कुणीकडे पडायचं हे काड्यांना आधी कोणी सांगितलेलं नसावं. लेपावरून एकदा जरी एका दिशेनं काही फिरलं, तरी काड्या त्या बाजूला जराशा कलून उभ्या राहतात, आणि वीज लागली की सगळ्या एकाच बाजूला माना टाकतात. मग भोवरा नाही, काही नाही. तुमच्या समितीची बैठक.

म्हणून लेप दिलेल्या काचेला आम्ही चिमट्यानं कडेलाच धरतो. ट्रेवर कागदाचं झाकण असतं, त्यावर मी लाल पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: श्वाससुद्धा नको. हा आमचा तळमजल्यावरचा नियम आहे, आणि तो तुमच्या सगळ्या परिपत्रकांपेक्षा जुना आहे.

यास्ना दक्षिणेतल्या काराउए गावची. आई तिथल्या शाळेत स्वयंपाक करते. पोरीची शिष्यवृत्ती तिसऱ्या वर्षाला पुढे चालू राहायची तर बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर प्रयोग करून दाखवायचा, हा तुमचाच नियम. तारीख ठरली, बुधवार सकाळी दहा. जुना चांगला नग, म्हणजे दोन काचांची भरलेली जोडी, तिचे मार्गदर्शक प्राध्यापक उर्रेखोला कन्सेप्सिओनच्या परिषदेला घेऊन गेले होते, म्हणून आम्ही मंगळवारी आठ नवे करायला घेतले. मागच्या काचा तयार होत्या; समोरच्या बाजूच्या आठ काचांना लेप दिला, भट्टीत भाजल्या, ट्रेमध्ये चार-चारच्या दोन ओळींत थंड व्हायला ठेवल्या, झाकण घातलं. खोलीला मी नेहमी कुलूप लावतो. त्या दिवशी किल्ली तुमच्या कार्यालयानं मागून नेली होती, परीक्षक यायच्या आधी तुम्हाला खोली बघायची होती म्हणून. किल्ली नेल्याची नोंद दरवानाच्या वहीत आहे, वेळेसकट.

पाच वाजता आम्ही दोघं चहाला वर गेलो. यास्नानं सकाळचा पाव आणि एक पिकलेली, लोण्यासारखी मऊ पाल्ता, म्हणजे अ‍ॅव्होकॅडो, आणली होती. तिनं ती पावावर कुस्करली आणि मीठ जास्त घातलं. मी म्हटलं, उद्याच्या काळजीनं हात जड झालाय तुझा. ती म्हणाली, परीक्षकांनी काही विचारलं आणि मला नाही आलं तर? मी म्हटलं, उजेड सरकव, भोवरा मागं येईल, तेवढं उत्तर पुरे.

पावणेसहाला खाली आलो. झाकण ट्रेवर होतं, पण लाल अक्षरं खालच्या बाजूला. माझं लिहिलेलं नेहमी वर असतं. मी ते पाहिलं आणि सुलटं करून ठेवलं, दुसरं काही केलं नाही. वाटलं, आपणच घाईत ठेवलं असेल. ही माझी चूक. ती मी इथे लिहितो आहे. चूक लिहिता येते, हात मोडत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणूनही.

काचा जोडल्या, भरल्या, कडा डिंकानं बंद केल्या. तो डिंक सुकायला रात्र लागते. त्यामुळे वीज पहिल्यांदा लागली ती सकाळी दहा वाजता, परीक्षकांच्या समोरच.

भोवरे आले नाहीत. सगळं मैदान एका रंगाचं झालं, सपाट, जशी नवी रंगवलेली भिंत. यास्नानं ठिपका टाकला. मधे एक फिकट डाग उमटला, शेपटीसारखा एका बाजूला ओघळलेला. तिनं ठिपका सरकवला. मागे काही आलं नाही. तिनं दुसरा नग लावला, तिसरा लावला. अंतोफागास्ताहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, हे नेहमी असंच होतं का? ती म्हणाली, नाही, कधीच नाही. आणि तुम्ही हसलात. म्हणालात, प्रयोग कसा करू नये हेही विद्यार्थ्यांकडून शिकावं लागतं. परीक्षक सभ्यपणे हसले. तुम्हाला वाटलं, विनोद जमला.

मग कारण शोधायचं नाटक. आधी तुम्ही भूकंपावर ढकललंत. मंगळवारी दुपारी हलकासा झटका बसला होता हे खरं. अहो, तेवढ्या झटक्याला या शहरात कोणी हातातला कप खाली ठेवत नाही. दिवा हलला की नाही एवढं बघतात आणि पुढचा घोट घेतात. उर्रेखोलांनी फोनवरून सांगितलं की झटक्यानं भोवरे जात नाहीत, फार तर हलतात. तेव्हा तुम्ही सफाई करणाऱ्या एर्मिंदाबाईंचं नाव काढलंत. बाई समितीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झाकणावर माएस्त्रोनं लिहिलंय ते मला वाचता येतं. तुमच्यातल्या काहींना येत नसेल." त्यांना परत बोलावलं नाही.

मग राहिली यास्ना. तिच्यामागे कोणी नव्हतं, म्हणून ती सोपी होती. अहवालात लिहिलंत: विद्यार्थिनीकडून काचांच्या हाताळणीत हलगर्जी. अकरा सह्या. अकरांपैकी नऊ जणांनी आयुष्यात असली काच हातात धरलेली नाही. एकाला काड्या म्हणजे काय हे मी जिन्यात थांबवून समजावलं, सही झाल्यावर.

मी खाली गेलो तेव्हा ती खोक्यात पुस्तकं भरत होती. मी म्हटलं, अपील करायचं. तिनं नकारार्थी मान हलवली. म्हणाली, "काका, मीच बोट लावलं असेल का? लक्षात नसेल माझ्या."

मला राग यायला एवढं एक वाक्य पुरलं. पोरीला शिष्यवृत्तीतून काढलंत, ते एक. पण तिनं डोळ्यांनी पाहिलेल्या, सात वेळा करून दाखवलेल्या गोष्टीवर तिचाच विश्वास राहू दिला नाहीत. तो तुम्ही कुठल्या नियमाखाली काढून घेतलात?

मी तिला म्हटलं, पोरी, बोट लागलं असतं तर बोटाएवढा डाग असता, आणि एका काचेवर. आठही काचांवरच्या काड्या एकाच बाजूला कशा कलतील? तिनं हातातलं पुस्तक खोक्याबाहेर ठेवलं आणि म्हणाली, नग आणा.

पुढे तीन दिवस आम्ही ते आठ नग सूक्ष्मदर्शकाखाली घातले. काचेच्या प्रत्येक ठिकाणी काड्या कुणीकडे कलल्या आहेत हे उजेडच सांगतो. नग हळूहळू फिरवायचा, जिथे काळोख होईल तिथे थांबायचं, मग अभ्रकाचा पातळ तुकडा मधे घालून बघायचं की उभी दिशा खरी की आडवी. किचकट काम आहे. तुमच्याच्यानं होणार नाही. या कामात बसून राहावं लागतं. प्रत्येक ठिकाणी आम्ही कागदावर एक बारीक रेघ मारली. एका नगाच्या साठ रेघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात मी हिऱ्याच्या टोकानं आकडा कोरतो, ट्रेमधल्या जागेचा. ती सवय मला कोणी शिकवलेली नाही, आणि माझी कोणी त्याबद्दल पाठ थोपटलेली नाही.

शनिवारी दुपारी आठही कागद टेबलावर ट्रेच्या क्रमानं मांडले. यास्नानं शेवटचा ठेवला आणि हात मागे घेतला.

रेघा एका काचेवरून दुसरीवर जात होत्या. वरच्या चार काचांवर मिळून एक कमान, खालच्या चारांवर दुसरी, तिच्या आतली. दोन ओढी. प्रत्येक ओळीला एक. मागे-पुढे घासणं नाही, गोल गोल नाही.

आता ऐका, कारण हे फक्त आपल्या धंद्यातल्या माणसाला कळेल. एर्मिंदाबाई काच पुसतात ती गोल हात फिरवून, जगातली सगळी माणसं पुसतात तशी. यास्नाच्या पिढीला काच पुसायचं शिकवतच नाहीत. त्यांना हात लावू नको एवढंच शिकवतात. कागद ओला करून काचेवर ठेवायचा आणि एकाच दिशेनं, एकाच ओढीत, न थांबता, न परतता सरकवायचा, ही भिंगं पुसायची रीत आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी भिंगांवर काम करणाऱ्यांच्या हातात ती मुरलेली असे. भिंगासाठी ती उत्तम. आमच्या काचेसाठी त्याहून वाईट काही नाही. अडाणी माणसानं काचा पुसल्या असत्या तर कदाचित एक-दोन नग वाचले असते. नीट शिकलेल्या माणसानंच आठही मारले.

या इमारतीत भिंगांवर काम केलेली किती माणसं उरली आहेत? तुमच्या खोलीत भिंतीवर फोटो आहे, पांढऱ्या कोटातला, हातात भिंग. पंचवीस वर्षांचे दिसता. चांगलं काम करत होतात तेव्हा, उर्रेखोला सांगतात. मी विश्वास ठेवतो. हात अजून विसरला नाही, हे मी काचेवर पाहिलं. बाकीचं तुम्ही विसरलात.

मग मी दोरी आणि पेन्सिल घेतली आणि दोन्ही कमानींचं केंद्र काढलं. माणूस ट्रेसमोर उभा राहून हात ओढतो तेव्हा कोपर जागेवर राहतं आणि कागद कमानीत फिरतो. ट्रेच्या पलीकडे भिंत आहे, उभं राहायला जागा अलीकडेच, खिडकीकडे. दोन्ही केंद्रं जवळजवळ एकाच जागी आली. ट्रेच्या डाव्या कोपऱ्याबाहेर, वीतभर अंतरावर.

यास्ना ट्रेसमोर उभी राहिली आणि नेहमीच्या उजव्या हातानं ओढून पाहिलं. केंद्र उजवीकडे जात होतं. तिनं डावा हात लावून पाहिला. कमान तंतोतंत बसली. ती माझ्याकडे बघून हसली नाही. फक्त खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी नव्हते."

सोमवारी मी कागदांची चळत घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही बसायला सांगितलं नाहीत. मी सांगत होतो आणि तुम्ही खिशातल्या रुमालानं चष्मा पुसत होता. एका ओढीत, एका दिशेनं. मी बोलायचा थांबलो आणि बघत राहिलो. तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात.

तुम्ही म्हणालात, "माएस्त्रो, काचेवरच्या रेघा साक्ष देत नसतात."

मी म्हटलं, या देतात, त्यासाठीच आपण पगार घेतो.

तुम्ही विचारलंत, निवृत्तीला किती राहिलं. मी सांगितलं, चौदा महिने. "मग ते शांतपणे काढा," म्हणालात. आवाज गोड होता. मी मागितलं, कागद मिळाल्याची सही तरी द्या. तुम्ही पेन उचललंत आणि सही केलीत, आणि शाई वाळायच्या आत तुमच्याच तळव्यानं ती फासली गेली, डाव्या हातानं लिहिणाऱ्यांची फासली जाते तशी. तो कागद माझ्याकडे आहे. शाईच्या फराट्यासकट त्याची प्रत यासोबत लावली आहे.

त्याच दिवशी आम्ही दोन नवे नग केले. किल्ली माझ्या खिशात होती. मंगळवारी सकाळी वीज लावली आणि भोवरे उगवले, शेकड्यांनी, एकमेकांना खात सुटले. यास्नानं ठिपका टाकला. एक भोवरा बसला. तिनं बोटानं स्क्रू फिरवला, उजेड उजवीकडे गेला, आणि तो चार काळे हात पसरून त्याच्या मागे निघाला. भिंतीवर कडं आलं. ती म्हणाली, बघा, येतोय. मी पाहिलं. तासभर आम्ही त्याला काचेवरून हिंडवलं. तुमच्या अकरांपैकी एकजणही खाली उतरला नाही, बोलावलं होतं तरी.

आता नियम. तुम्हीच केलेला आहे, म्हणून पाठ असेल. प्रयोग पुन्हा दाखवायची संधी मिळते, पण आधीचं अपयश संस्थेच्या चुकीनं आलं असं संचालकानं लेखी दिलं तरच. दुसऱ्या कोणाची सही चालत नाही. उर्रेखोलांची चालत नाही, माझी तर नाहीच. अंतोफागास्ताच्या बाईंना यास्नानं फोन केला. त्या परत यायला तयार आहेत. त्यांना फक्त तो कागद हवा. अपिलाची मुदत शुक्रवारी दुपारी बाराला संपते. बारा वाजून एक मिनिटानं यास्ना कोलीपी काराउएच्या बसमध्ये बसेल, आणि उजेडानं भोवरा कसा बसवायचा हे या देशात ज्या थोड्यांना येतं त्यातलं एक माणूस शाळेच्या स्वयंपाकघरात आईला भांडी घासू लागेल. त्यात लाज काही नाही. लाज कुठे आहे ते वर लिहिलं आहे.

तुम्ही वाईट वाटून घ्या असं मी म्हणत नाही. ते तुमच्याच्यानं होईल असं मला वाटत नाही. काचेवर धुरकट दिसलं, चांगल्या हेतूनं पुसलं, हे मी मानायला तयार आहे. जुन्या कारागिराच्या हाताला राहवलं नसेल. ते तुम्ही त्याच बुधवारी सकाळी, बाई विचारत होत्या तेव्हा, सांगितलं असतंत तर पाच मिनिटांत संपलं असतं. सगळे हसले असते, मीही. त्याऐवजी तुम्ही तिला हसलात.

म्हणून विचारतो, आणि या वेळी उत्तर तोंडी नको, कागदावर हवं, शुक्रवारच्या बाराच्या आत: मंगळवारी संध्याकाळी पाच ते पावणेसहाच्या दरम्यान तळमजल्यावरच्या आठ काचांवरून कोणाचा हात फिरला? नाव लिहा. कुठल्याही हातानं लिहा.